पारख हवीच, पण थांबण्याची तयारीही

डेट्रॉइट रेड विंग्ज या आइस हॉकी संघाच्या ‘पारखी नजरे’चे कौतुक करणारा लेख आपल्या क्रीडा पानावर वाचला. नवोदितांच्या ड्राफ्टमधील (म्हणजे संघांनी आळीपाळीने एकेक नवा खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेतील) या संघाचे यश वादातीत आहे. पण त्याचे सारे श्रेय नजरेला देणे पटत नाही. पुढे या संघाचा आधारस्तंभ ठरलेला निकलस लिडस्ट्रॉम १९८९ मध्ये ५३व्या क्रमांकावर निवडला गेला. त्याच्याआधी डेट्रॉइटनेच दोन खेळाडू घेतले होते. पावेल दात्स्युक (१९९८) १७१वा, तर हेन्रिक झेटरबर्ग (१९९९) २१०वा. हिरा ओळखला होता, तर तो इतरांच्या हाती लागण्याचा धोका इतका वेळ कोण पत्करेल?

खरे वेगळेपण निवडीनंतरचे आहे. लिडस्ट्रॉम दोन वर्षे, तर दात्स्युक आणि झेटरबर्ग प्रत्येकी तीन वर्षे आपापल्या देशातच खेळत राहिले. अंगाने किरकोळ म्हणून त्यांना कुणी मोडीत काढले नाही, की घाईने अमेरिकेत आणून बाकावर बसवले नाही. (त्याच १९८९ च्या ड्राफ्टमधल्या सर्गेई फेदोरोवला मात्र सोव्हिएत संघातून पळून यावे लागले, ती कथा निराळी!) हा धीर परवडला, कारण मुख्य संघ भक्कम होता. २००८ मध्ये स्टॅन्ली चषक (उत्तर अमेरिकेतील आइस हॉकी लीगचे विजेतेपद) उंचावला तेव्हा लिडस्ट्रॉम कर्णधार होता आणि झेटरबर्ग प्लेऑफमधील सर्वोत्तम खेळाडू. लेखात या प्रतीक्षेचा उल्लेखही नाही.

– एक वाचक, नाशिक