कोकण किनाऱ्यावरच्या आगबोटींची नोंदवही : कागद, वेळ आणि साहित्यासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

मुंबईपासून पणजीपर्यंत धावलेल्या वाफेच्या आगबोटींची नोंदवही आमच्या वाचनालयाने करायला घेतली आहे. दर बोटीला एक पान. त्या पानावर बोट कुठे बांधली, केवढी होती, इंजिन कोणते, कोणत्या मार्गावर चालली आणि शेवटी तिचे काय झाले, एवढे यायला हवे. या कामासाठी आपल्या घरातले कागद, आपला थोडा वेळ आणि काही साहित्य मागण्यासाठी हे पत्र आहे.

आगबोटींच्या इतिहासात लोकांच्या लक्षात राहिले ते अपघात. शेफर्ड कंपनीची ‘वैतरणा’, जिला विजेच्या दिव्यांमुळे लोक ‘वीजळी’ म्हणत, ती नोव्हेंबर 1888 मध्ये कच्छमधल्या मांडवीहून मुंबईला येताना वादळात सातशेंहून अधिक माणसांसह नाहीशी झाली. ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ 11 नोव्हेंबर 1927 ला एकाच वादळात गेल्या. 17 जुलै 1947 ला, आषाढ अमावास्येच्या तोंडावर, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ काशाच्या खडकाजवळ कलंडली आणि सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. या बोटींवर लेख आहेत, गाणी आहेत. पण त्यांच्याबरोबर आणि त्यांच्यानंतर वर्षानुवर्षे चाकरमान्यांची ने-आण करणाऱ्या ‘चंद्रावती’, ‘चंपावती’, ‘रोहिदास’ यांची माहिती एका जागी नाही. ज्या बोटींनी कोकणाला मुंबईशी जोडले त्यांची साधी मापेही मराठीत सापडू नयेत, हे आम्हाला पटत नाही.

मापांवरून काय कळते, ते बघा. ‘वैतरणा’ 1885 ची, ग्रेंजमाउथच्या गोदीत बांधलेली : लांबी 170 फूट, रुंदी साडेसव्वीस फूट. ‘रामदास’ 1936 ची, स्वान हंटर कंपनीने बांधलेली : लांबी 179 फूट, रुंदी 29 फूट. मध्ये पन्नास वर्षे गेली, जगभरची जहाजे कितीतरी मोठी झाली, पण आपल्या बोटी जवळजवळ तेवढ्याच राहिल्या. याचे कारण आपल्या बंदरांत आहे. खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा, आत गाळ, बहुतेक ठिकाणी धक्का नाहीच. हर्णै, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला : बोट बाहेर नांगर टाकायची आणि उतारू, पेट्या, आंब्याच्या करंड्या पडावातून, म्हणजे मोठ्या होडीतून, वरखाली व्हायच्या. कमी पाण्यात येणारी बोट हवी म्हणजे तळ उथळ. हजारभर माणसे न्यायची म्हणजे वर डेकवर डेक. एवढ्या मोठ्या डोलाऱ्याचा तोल सांभाळायला तळाशी वजन लागते. ते वजन कोळसा, पाणी आणि मालाचे. कोळसा जळत जातो तसा तळ हलका होतो. अशा वेळी पावसाने माणसे एका बाजूला सरकली, वाऱ्याच्या बाजूला ताडपत्र्या बांधलेल्या असल्या आणि त्यात वावटळ आली, तर बोट कलते ती परत सावरत नाही. म्हणून बोटीत कोळसा किती भरत, कुठे भरत, परतीच्या फेरीला किती उरे, हे सांगणारा एखादा हिशेबाचा कागदही आम्हाला मोलाचा आहे.

नोंद करताना घोटाळे कुठे होतात तेही सांगतो, म्हणजे आपल्याकडचा कागद कामाचा आहे की नाही हे आपल्यालाच ठरवता येईल.

पहिला घोटाळा नावांचा. एखाद्या नावाची बोट बुडाली की तेच नाव दुसरीला देण्याची पद्धत होती, आणि विकत घेतलेल्या बोटीचे नाव बदलत. नावावरून बोट ओळखली की दोन बोटींची मापे एका पानावर येतात. खात्रीची खूण म्हणजे ऑफिशियल नंबर. ब्रिटिश नोंदणीत जहाजाला एकदा मिळालेला हा नंबर नाव किंवा मालक बदलला तरी बदलत नसे, आणि तो जहाजाच्या मुख्य तुळईवर टनेजसह कोरलेला असे. आपल्या कागदावर पाच-सहा आकडी नंबर दिसला तर तो आधी कळवा.

दुसरा घोटाळा टनांचा. ‘रामदास’ 406 टनांची होती असे छापले जाते, आणि वाचणारा ते वजन समजतो. ग्रॉस टन हे आकारमान आहे : 100 घनफूट बंदिस्त जागा म्हणजे एक टन. नेट टनात इंजिन, बॉयलर, खलाशांच्या खोल्या वजा होतात. एका कागदावर ग्रॉस आणि दुसऱ्यावर नेट आकडा असला की एकाच बोटीच्या दोन बोटी होतात.

तिसरा घोटाळा मालकीचा. कोकणात ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणून ओळखली गेलेली सहकारी कंपनी वेगळी आणि बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन वेगळी. बॉम्बे स्टीम आणि रत्नागर स्टीम या दोन्ही सिंदिया या जहाज कंपनीत विलीन झाल्या. मग उतारू आणि फेरीबोटींची काही कामे चालवायला 10 ऑगस्ट 1953 ला बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन याच जुन्या नावाने, पुढे कंसात 1953 लावून, नवी कंपनी निघाली. सिंदियाकडून घेतलेल्या मालमत्तेच्या किमतीपोटी तिने सिंदियाला शंभर रुपयांचे 29,990 शेअर दिले आणि उरलेली पन्नास लाखांवरची रक्कम सहा टक्के व्याजाने देणे ठेवली. हा तपशील टिकला तो त्या व्याजावरचा आयकराचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला म्हणून. 1953 च्या आधीचे आणि नंतरचे तिकीट वरवर सारखेच दिसते. खाली बारीक अक्षरात छापलेले कंपनीचे पूर्ण नाव पाहिले की फरक कळतो.

आता आपल्या घरात काय असू शकते ते. सर्वांत आधी नल्ली, म्हणजे खलाशाच्या नोकरीच्या नोंदींचे पुस्तक. बोटीवर काम केलेल्या आजोबा-पणजोबांची नल्ली बहुतेक पत्र्याच्या पेटीत, देवघराच्या फळीवर किंवा जमिनीच्या कागदांच्या गाठोड्यात असते. तिची आतली पाने आडवी भरलेली असतात : जहाजाचे नाव, ऑफिशियल नंबर, टनेज, चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख, हुद्दा, आणि शेवटी वर्तणुकीचा शिक्का. एका ओळीत बोटीची ओळख आणि ती कोणत्या महिन्यात चालू होती याचा पुरावा, दोन्ही मिळतात. फक्त किनाऱ्यावरच्या बोटींवर राहिलेल्यांकडे नल्लीऐवजी कंपनीचा साधा दाखला असेल, तोही चालेल. त्याशिवाय तिकिटे, मालाच्या पावत्या, वेळापत्रके, शेअर सर्टिफिकेट, बोटीतून लिहिलेली पत्रे, पडाववाल्यांच्या हिशेबाच्या वह्या आणि फोटो. फोटोत बोट अर्धीच दिसत असली तरी द्या. डोलकाठ्या किती, धुराडे पुढे की मधोमध, बाजूला होड्या किती टांगल्या आहेत, एवढ्यावरून बोट ओळखता येते.

कागद आणण्यापूर्वी कृपया हे सांभाळा. लॅमिनेशन करू नका. उष्णतेने शाई पसरते आणि कागद कायमचा अडकतो. फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नका. तिचा डिंक काही वर्षांत पिवळा होऊन अक्षरांवर उतरतो. अल्बममध्ये चिकटलेला किंवा काचेला धरलेला फोटो ओढून काढू नका. तसाच आणा, आम्ही काचेवरूनच स्कॅन करू. फोटोच्या मागे बॉलपेनने नाव लिहिले तर दाबाने पुढे वळ उठतो. मऊ शिसपेन्सिल वापरा. बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने पुसू नका. कागद सावलीत वाऱ्यावर सुकू द्या, मग मऊ कुंचल्याने हलकेच झाडा. पितळेची पाटी, दिवा, घंटा असेल तर चिंचेने किंवा पॉलिशने घासू नका, उथळ कोरलेले आकडे त्यात जातात. कागद आमच्याकडे ठेवावे लागणार नाहीत. आपल्यासमोर पुढची-मागची बाजू 600 डीपीआयने (तिकिटाएवढा लहान फोटो असेल तर 1200 ने) स्कॅन करून मूळ वस्तू त्याच दिवशी परत दिली जाईल. लांब राहत असाल तर मोबाइलवरचा फोटोही चालेल : खिडकीशेजारी उजेडात, फ्लॅश बंद, कागदाच्या शेजारी पट्टी ठेवून, चारही कडा दिसतील असा.

वेळ देऊ शकणाऱ्यांसाठी दोन कामे आहेत. एक, वयस्कर माणसांशी बोलून ध्वनिमुद्रण करणे. ‘बोट कशी होती’ असे विचारले की सगळे ‘छान होती’ म्हणतात. म्हणून नेमके विचारायचे. भट्ट्या किती, एका पाळीला आगवाले किती? गोडे पाणी कुठल्या बंदरात घेत? कंडेन्सर (वापरलेल्या वाफेचे पुन्हा पाणी करणारा भाग) गळून खारे पाणी बॉयलरात गेले तर काय करत, बॉयलरातला थर किती दिवसांनी खरवडत? राख कुठे टाकत? सारंग (खलाशांचा मुकादम) कुठल्या गावचा, भंडारी (बोटीवरचा स्वयंपाकी) कुठल्या गावचा? पडाव उलटण्याची भीती कोणत्या बंदरात जास्त असे? हे सांगू शकणारी माणसे आता ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत, त्यामुळे हे काम सर्वांत तातडीचे आहे. दुसरे काम घरबसल्या करता येते : लॉइड्स रजिस्टर या जहाजांच्या वार्षिक सूचीचे 1930 ते 1945 चे खंड इंटरनेटवर आहेत, त्यांतून मुंबईत नोंदलेल्या बोटी शोधून तक्ते भरायचे. इंग्लंडात न्यूकॅसलच्या आसपास कुणी मराठी मंडळी असतील तर तिथल्या टाइन अँड वेअर अर्काइव्ह्जमध्ये स्वान हंटरची कागदपत्रे आहेत. ‘रामदास’चे मूळ नकाशे तिथे आहेत का ते पाहून येणाऱ्याचे आमच्यावर मोठे उपकार होतील.

साहित्यात हवे ते असे : ए-3 आकाराचा फ्लॅटबेड स्कॅनर 1, चार टीबीच्या हार्डडिस्क 3 (दोन प्रती इथे, तिसरी दुसऱ्या गावी ठेवायची), आम्लविरहित कागदाची फोल्डर 400, पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटे 200, आर्द्रतामापक 2, हवेतली ओल काढणारे यंत्र 1. बाजारातली पीव्हीसीची पाकिटे कृपया पाठवू नका, ती फोटोला चिकटतात. यंत्र ही चैन नाही; आर्द्रता 65 टक्क्यांवर गेली की बुरशी धरते आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती त्याहून वरच असते. वस्तू देता येत नसेल तर कितीही लहान रक्कम चालेल. ती वाचनालयाच्या खात्यावरच भरा. रोख दिल्यास क्रमांक असलेली पावती मागून घ्या. जमाखर्च दर महिन्याच्या पहिल्या रविवारी फलकावर लावला जाईल.

कागद पाहण्याचे काम सोमवार सोडून रोज सकाळी नऊ ते बारा वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर चालते. जिना चढता येत नसेल तर खाली ग्रंथपालांना सांगा, स्कॅनर खाली आणू. गावागावांतून एकदम गोळा करायचे असेल तर पाच घरे झाली की निरोप द्या, आम्ही येऊ. ओल धरण्याआधी, म्हणजे मे अखेरपर्यंत, जुन्या पेट्या एकदा उघडून पाहाव्यात ही विनंती.