संमती दारात नको, सभेत घ्या : गृहनिर्माण मंत्र्यांना एका भाडेकरूचे खुले पत्र

प्रति,
माननीय गृहनिर्माण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : उपकरप्राप्त इमारतींतील भाडेकरूंची पुनर्विकासासाठीची संमती त्यांच्या सभेत घेण्याबाबत

महोदय,

गिरगावातल्या एका 'अ' वर्गाच्या, म्हणजे सप्टेंबर 1940 पूर्वी बांधलेल्या, उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी सरकारला उपकर भरणाऱ्या) चाळीत आमची तिसरी पिढी पागडीने, म्हणजे मालकाला सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्यावर, राहते. खोल्या 42. जिन्याच्या तिसऱ्या वळणावर तुळईला लोखंडी टेकू लावलेला आहे आणि त्याला वळसा घालून चढायची सवय आता लहान मुलांनाही झाली आहे.

पुनर्विकासासाठी 51 टक्के भाडेकरूंची संमती लागते, हे आपण जाणताच. आमच्याकडे ती संमती गोळा करायला विकासकाचा माणूस दुपारी यायचा, जेव्हा घरात एकटी म्हातारी माणसे असतात. दुसऱ्या मजल्यावर तो सांगे, तिसऱ्याने सह्या दिल्या. तिसऱ्यावर जाऊन सांगे, दुसरा मजला झाला, आता तुम्हीच मागे राहिलात. एका रात्री पाणी भरून झाल्यावर गॅलरीत सहज बोलणे निघाले, तेव्हा शेजारशेजारच्या सारख्याच खोल्यांना एकाला 405 आणि दुसऱ्याला 350 चौरस फूट कबूल केल्याचे उघड झाले. आमचा भाडेकरू संघ त्या रात्री जन्माला आला. त्याची मालमत्ता म्हणजे एक दोनशेपानी वही आणि 'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत आलेल्या मनीऑर्डरींचा गठ्ठा, कारण मालकाने भाडे घेणेच थांबवले होते आणि उद्या कोर्टात थकबाकीदार ठरायचे नसेल तर आपण भाडे देऊ केले होते याचा कागद जपावा लागतो.

सहकारी गृहनिर्माण संस्थेतला सदनिकाधारक पुनर्विकासाला निघतो तेव्हा 4 जुलै 2019 च्या शासन निर्णयाप्रमाणे विकासकाची निवड विशेष सर्वसाधारण सभेत, सहकारी संस्थांच्या निबंधकांनी नेमलेल्या अधिकाऱ्यासमोर आणि चित्रीकरणासह होते. ही तरतूद सहकार कायद्याच्या कलम 79-अ खाली आली; आम्हा भाडेकरूंना ती लागू नाही. योगायोग असा की म्हाडा या राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या कायद्यातही एक 79-अ आहे : धोकादायक ठरलेल्या इमारतीचा प्रस्ताव देण्यासाठी आधी मालकाला सहा महिने, त्याने तो न दिल्यास भाडेकरूंच्या प्रस्तावित संस्थेला पुढचे सहा महिने, आणि तेही न जमल्यास इमारत म्हाडाने हाती घ्यायची. त्याखालच्या नोटिसांना जुलै 2025 मध्ये उच्च न्यायालयाने स्थगिती दिली; त्या वादात मी शिरत नाही. मला एवढेच दिसते, की ज्या भाडेकरूंना एरवी एकेकटे गाठून सह्या घेतल्या जातात, त्यांनी सहा महिन्यांत संस्था उभारावी, वास्तुविशारद नेमावा आणि प्रस्ताव द्यावा अशी अपेक्षा हा कायदा धरतो, पण तोवर त्यांच्या संघाला कोणी विचारतही नाही.

एकत्र येणे कायद्याला अगदीच परके आहे असेही नाही. भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 14 नुसार मालकाने दुरुस्तीकडे दुर्लक्ष केले तर भाडेकरू संयुक्तपणे नोटीस देऊन 15 दिवसांनंतर स्वतः दुरुस्ती करू शकतात आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतात. मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक नाही. आमचे भाडे महिना 150 रुपये. म्हणजे वर्षाला 450 रुपये वळते होणार, सिमेंटची एक गोणी आणली की संपले. बेचाळीसही खोल्या एक झाल्या तरी 18,900. त्यात जिन्याची ती तुळई बदलून होत नाही. (एवढ्या भाड्यात मालकाने तरी दुरुस्ती कशी करावी, हा प्रश्न रास्त आहे आणि आमच्या सभेत तो एका भाडेकरूनेच विचारला होता. भाडे वाढवून घ्यायला आम्ही बसायला तयार आहोत; पण मालक पत्राचे उत्तर देत नाही.)

म्हणून मागणी अशी की उपकरप्राप्त इमारतींसाठी भाडेकरूंची संमती केवळ भाडेकरूंच्या सभेत, म्हाडाच्या इमारत दुरुस्ती मंडळाच्या अधिकाऱ्यासमोर आणि चित्रीकरणासह दिलेली असेल तरच ग्राह्य धरावी, आणि त्या सभेची सूचना नकाशा, प्रत्येक खोलीला मिळणारे क्षेत्रफळ आणि पर्यायी जागेच्या भाड्याची रक्कम यांसह मराठीत, निदान 14 दिवस आधी प्रत्येक दारावर लावलेली असावी. सभेबाहेर घेतलेली संमतीपत्रे मंडळाने मोजू नयेत. बहुसंख्य भाडेकरूंनी स्थापन केलेल्या संघाची नोंद मंडळाने ठेवून इमारतीविषयीच्या प्रत्येक नोटिशीची प्रत त्यालाही द्यावी. यासाठी तिजोरीतून फार काही जाणार नाही. एक अधिकारी, एक कॅमेरा आणि रविवारची एक सकाळ पुरेल.

आमची पुढची सभा येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता पहिल्या मजल्याच्या गॅलरीत आहे. आपल्या विभागाचा अधिकारी आला तर बसायला खुर्ची देऊ. जिना चढताना तिसऱ्या वळणावर डोके सांभाळावे लागेल.

आपला नम्र,
गिरगावातील एक भाडेकरू