महिनाभराच्या गोळ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

चर्चचे गट थोड्या दिवसांसाठी परदेशात जाऊन सेवा करतात, त्या सेवाफेऱ्यांवरील आपला लेख वाचला. आमच्या चर्चच्या मंडळीतर्फे मीही दहा दिवस अशा फेरीवर गेले होते. पेशाने परिचारिका, म्हणून रक्तदाब तपासायचं काम माझ्याकडे. एका आजीबाईंना महिनाभराच्या गोळ्या दिल्या. त्यांनी दुभाष्यामार्फत विचारलं, "आणि पुढच्या महिन्यात?" मी दुभाषीकडे बघत राहिले. दुभाषी म्हणजे तिथली शाळामास्तरीण. आमच्यापायी तिचा वर्ग दहा दिवस बंद. हे मला निघायच्या आदल्या दिवशी कळलं!

होंडुरासमध्ये 1998 च्या मिच चक्रीवादळानंतर अशा गटांनी घरं बांधली. नंतरच्या अभ्यासात दिसलं की घराचा खर्च सुमारे 2,000 डॉलर, तर गटाचा प्रवासखर्च सुमारे 30,000. तरी 'जाऊच नका' म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. त्या आजींनी माझा हात धरून केलेली प्रार्थना मला अजून पुरते. पण ती मिळकत माझी झाली, त्यांची नव्हे.

यंदा मंडळीच्या सभेत मी तिकिटाचे पैसे तिथल्या दवाखान्यातल्या नर्सच्या पगाराला द्यावेत असं सुचवलं. तरुण मंडळी नाराज आहेत. फोटो निघणार नाहीत ना!

— एक निवृत्त परिचारिका