दोन्हीकडच्या पावत्या

दापोली,
१० फेब्रुवारी

चि. रेवा हिस अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा मशीन चालू होतं, धड ऐकू आलं नाही. सोसायटीत शिवजयंतीवरून १९ फेब्रुवारीवाले आणि तिथीवाले असे दोन गट पडलेत आणि तू 'बाबांना विचारते' म्हणून मोकळी झालीस, एवढं कळलं. अगं, बाबा छापखानावाले, इतिहासकार नव्हेत. पण दोन्हीकडच्या पावत्या छापून पोट भरणाऱ्याला थोडंफार कळतंच.

आम्ही शाळेत असताना शिवजयंती फेब्रुवारीत नव्हती आणि शिमग्यातही नव्हती. वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी. जन्म शके १५४९ चा, म्हणजे १६२७ चा धरत. परीक्षा संपलेली, चाकरमानी आलेले, माजघरात आंब्याची आढी. बैलगाडीवर पुठ्ठ्याचा रायगड, आणि शिवाजी व्हायचा मान ज्याच्या घरी जरीचा फेटा असेल त्याला. मला एकदाच मावळा केलं, तेही दुसऱ्याची ढाल धरायला. ७ मे १९७० ला भिवंडीत याच मिरवणुकीवरून दंगल पेटली, पुढे चौकशीला मादन आयोग बसला. त्यानंतर तुझे आजोबा हँडबिलातल्या घोषणा दोनदा वाचल्याशिवाय मशीनवर चढवत नसत.

उत्सव सार्वजनिक केला तो आपल्याच तालुक्यातल्या चिखलगावच्या टिळकांनी. १८९५ त महाराजांच्या समाधीच्या जीर्णोद्धारासाठी फंड, १८९६ च्या एप्रिलात रायगडावर उत्सव. त्याच्या कितीतरी आधी जोतीराव फुल्यांनी महाराजांवर पोवाडा रचला होता, १८६९ त. पहिला मान कुणाचा यावरही लोक हमरीतुमरीवर येतात. मी त्यात पडत नाही, दोन्हीकडचे गिऱ्हाईक आहेत.

मला खरी मौज वाटते ती पुढची. कारीच्या जेधे देशमुखांच्या घरात एक शकावली, म्हणजे वर्षवार घटनांची नोंद, होती. तिच्यात महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, शिवनेरी असा लिहिलेला. ती १९१६ त प्रसिद्ध केली कुणी? टिळकांनीच! ज्याने वैशाखातला उत्सव उभा केला त्यानेच वैशाख खोटा पाडणारा कागद बाहेर काढला. दाबून ठेवता आला असता. महाराजांच्याच काळातल्या परमानंद कवीच्या शिवभारत काव्यातही तीच तिथी आहे, आणि जोधपुरात सापडलेली कुंडलीही तेच सांगते.

तरी वैशाख काही लगेच सुटला नाही. १९६६ त सरकारने इतिहासकारांची समिती नेमली. दत्तो वामन पोतदार, ग. ह. खरे, बेंद्रे अशी मंडळी, पण एकमत झालं नाही आणि जुनं तसंच चालू राहिलं. शेवटी २००१ त सरकारने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख धरली आणि सुट्टी फेब्रुवारीत आली. म्हणजे खरा वाद, १६२७ की १६३०, तो केव्हाच मिटलाय. आता दोघेही एकच जन्म मानतात, भांडण आहे ते पंचांग की कॅलेंडर एवढंच. त्यातही ती तारीख जुन्या ज्युलियन हिशेबाची, आजच्या कॅलेंडरने मोजलीस तर १ मार्च येते. हे मात्र सोसायटीत बोलू नकोस, तिसरा गट निघेल.

शिवसेनेने तिथी सोडली नाही हे तुला ठाऊकच आहे. पण आपल्याकडे तिथी टिकलीय ती मला वाटतं शिमग्यामुळे. फेब्रुवारीत इथे असतं कोण? शाळेची पोरं, कचेरीतले लोक, आणि मोहोरावर तुडतुडा पडलाय म्हणून फवारणीच्या मागे लागलेले बागायतदार. तिथी येते धुळवडीनंतर दोन-तीन दिवसांनी. पालख्या घरोघर फिरतायत, मुंबईकर गावात, त्यांच्या खिशात पैसे. तारीखवाल्यांना माझ्याकडे दोन पावतीपुस्तकं पुरतात, तिथीवाल्यांना सहा लागतात. हाताने छपाईचे खिळे जुळवायचो तेव्हा दोघांचा मजकूर तरी वेगळा असे. आता दोघेही मोबाईलवर तोच फोटो, त्याच चार ओळी पाठवतात. मी एकच फाइल ठेवलीय, मंडळाचं नाव आणि वाराची ओळ बदलतो. एका वर्षी ती बदलायची राहिली. तारीखवाल्यांच्या ५०० पत्रकांवर 'तिथीनुसार' छापून गेलं. आईने ती आठवडाभर बंबात घातली. तुला तेव्हा बंबाचं पाणी जास्त गरम लागायचं, ते त्यामुळे.

तू येणार कधी ते कळव. १९ ची सुट्टी आहे म्हणून येत असशील तर जरूर ये, पण एका दिवसासाठी एवढा प्रवास कशाला? त्यापेक्षा शिमग्याला रजा काढ, पालखी दारात येईल तेव्हा ओटी भरायला आईला तू हवी आहेस. आणि तिथीवाल्यांच्या सहा पुस्तकांना नंबर मारायचे बाकी आहेत. नंबरिंग मशीनला तेल देऊन ठेवलंय, तुझ्याशिवाय कुणाला हात लावू दिलेला नाही.

तुझा,
बाबा