मित्रास पत्र: परत कोण जाणार?

नंदुरबार
रविवार, संध्याकाळ

प्रिय दानीएल,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

तुझं पत्र पोचलं. निम्म्याहून जास्त पत्र तुमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पंचांच्या भांडणाचंच आहे! एका गटाला जानेवारीत तीन रात्रींची सुवार्ता सभा, म्हणजे येशूची शुभवार्ता सांगणारी सभा, हवी: मांडव, साउंड, बाहेरचा वक्ता. दुसऱ्या गटाला तेच पैसे वर्षभराच्या शिष्यत्वाच्या वर्गाला, म्हणजे विश्वासात आलेल्यांना शिकवून घडवायला, लावायचेत. आणि तू खजिनदार म्हणून मधे सापडलायस. वर मला विचारतोस, "तू तिकडे पाड्यापाड्यांवर फिरतोस, तुझं मत काय?" मत आहे. फक्त ते दोन्ही गटांना आवडायचं नाही.

आधी हे सांगून टाकतो की मला मांडवाचं वावडं नाही. आमचे आजोबा अशाच एका सभेत, नवापूरकडे, कंदिलाच्या उजेडात ऐकून उठले आणि मग मागे फिरले नाहीत. पण त्या काळी सांगणारा माणूस तिथेच जवळपास राहायचा. विंचू चावला की लोक त्याच्याकडे जायचे, बैल हरवला तरी त्याच्याच ओट्यावर येऊन बसायचे. हल्ली काय होतं ते तूही पाहिलंयस. "सगळ्यांनी डोळे मिटा, ज्यांना प्रभूला स्वीकारायचंय त्यांनी हात वर करा." हात मोजले जातात, कार्डं भरून घेतात, रात्री अकराच्या आत ग्रुपवर फोटो आणि आकडा. वक्त्याची गाडी त्याच रात्रीची असते. कार्डांचा गठ्ठा रबर लावून पाळकांच्या कपाटात जातो आणि पुढच्या सभेच्या वेळी कपाट आवरताना सापडतो.

बायबलातलं प्रेषितांची कृत्ये, चौदावा अध्याय काढ. लुस्त्रात लोकांनी प्रेषित पौलाला दगडमार केली, मेला समजून शहराबाहेर ओढत नेलं. तो उठला, दुसऱ्या दिवशी दर्बेला गेला, तिथे सुवार्ता सांगितली, पुष्कळ शिष्य मिळवले. इथवर आपण सगळे वाचतो. पुढचं वाक्य मात्र आपण भराभर उरकतो. दर्बेहून घरी जायचं तर पूर्वेकडून, त्याच्या स्वतःच्या तार्सच्या बाजूने जाणारा रस्ता होता. तो न धरता हा माणूस उलटा फिरला आणि पुन्हा लुस्त्रात गेला, मग इकुन्यात, मग पिसिदियातल्या अंत्युखियात. कशाला? तिथल्या शिष्यांची मनं स्थिर करायला, "पुष्कळ संकटांतून जावं लागतं" हे त्यांना सांगायला आणि मंडळी-मंडळीत वडील, म्हणजे जबाबदार पुढारी, नेमायला. पाठीवरचे वळ अजून गेले नसतील. ही माझी आपली कल्पना, शास्त्रात तसं लिहिलेलं नाही. पण सुवार्ताप्रसार कुठे संपला आणि शिष्यत्व कुठे सुरू झालं, हे त्या प्रवासात मला दाखवून दे बघू.

तू फिलिप्पाचं उदाहरण दिलंयस. त्याने कूशी षंढाला, म्हणजे इथियोपियाच्या दरबारी अधिकाऱ्याला, रस्त्यात गाठलं, सांगितलं, बाप्तिस्मा दिला आणि आत्म्याने त्याला तिथून उचललं. पुढे कसला वर्ग नि कसलं काय! मान्य. पण तो गृहस्थ यरुशलेमेला उपासनेला जाऊन आलेला, स्वतःच्या रथात बसून यशया वाचणारा, ग्रंथ विकत घ्यायची ऐपत असलेला. अर्धी तयारी फिलिप्प येण्याआधीच झाली होती. आमच्या धडगाव-अक्कलकुव्याकडच्या माणसाच्या हातात ना रथ ना ग्रंथ. आणि दिवाळी झाली की तो स्वतःही गावात नसतो.

हे तुमच्या पंचांना कळावं म्हणून जरा सविस्तर लिहितो. इथली शेकडो कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, बरीचशी दक्षिण गुजरातेत, बारडोली-सुरतच्या बाजूला. मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. बिऱ्हाड, कोंबड्या, लेकरं ट्रकमध्ये घालायची आणि निघायचं. होळीला घरी येतात, कारण सातपुड्यात होळी चुकवणं म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे. मग काही जण पुन्हा जातात. आता उन्हाळ्यातल्या सभेत ज्याने हात वर केला, त्याचं अर्धं वर्ष ऊसाच्या फडात जाणार. वर्ग मात्र आमचा शहरात, रविवारी सकाळी, पंख्याखाली.

म्हणून मी अधूनमधून सुरतची पॅसेंजर धरतो आणि पडावावर जातो. पडाव म्हणजे ऊसतोड्यांची वस्ती, प्लास्टिकच्या कागदाच्या बुटक्या झोपड्या, आत वाकूनच शिरायचं. माणसं पहाटे अंधारातच फडात जातात, ट्रक भरून परततात तेव्हा कधी कधी रात्र झालेली असते. उपदेशाला वेळ कुठला? चूल पेटल्यापासून भाकरी होईपर्यंत, तेवढाच.

तिथे धडगावकडची एक बाई आहे. सभेत हात वर केलेल्यांपैकीच. तिला एक गाणं आणि प्रभूची प्रार्थना अर्धीमुर्धी येते, पण "आमची रोजची भाकर" इथे ती कधी अडखळत नाही. मोबाइलच्या मेमरी कार्डावर तिच्या पावरी बोलीत मार्काचं शुभवर्तमान आहे. भाकरी थापताना ती तो मोबाइल उपड्या पातेल्यावर ठेवते, म्हणजे आवाज मोठा येतो. शेजारच्या बायका आपापल्या चुलीपासून ऐकतात. एकदा तिने मला पीठ मळता मळता विचारलं, "मुकादमानं वजन कमी लावलं, तर त्याला क्षमा करायची का भांडायचं?"

आता सांग, हा प्रश्न तुमच्या वर्गाच्या पुस्तकात कितव्या पाठात आहे?

मी लगेच उत्तर दिलं नाही, देता येण्यासारखं नव्हतंच. तिचा नवरा बोलला, शेजारचा एक म्हातारा बोलला, बायबलातल्या जक्कय जकातदाराची गोष्ट निघाली, फसवून घेतलेलं चौपट परत करणारा. शेवटी ठरलं की रोजच्या पावत्या एका वहीत उतरवून ठेवायच्या आणि मुकादमाशी बोलायला सगळ्यांनी मिळून जायचं, शिवीगाळ न करता. वही लिहायला एक शाळा सोडलेला पोरगा तयार झाला. तो विश्वासी नाही, पण वहीसाठी रोज चुलीपाशी येऊन बसायला लागला आणि त्यामुळे पातेल्यावरचं मार्काचं शुभवर्तमानही ऐकायला लागला. हा सुवार्ताप्रसार म्हणायचा की शिष्यत्व? तुझ्या हिशोबाच्या वहीत कुठल्या रकान्यात टाकशील?

नवापूरचं स्टेशन आठवतं ना? राज्याची हद्द फलाटाच्या मधून जाते, बाकाचं एक टोक महाराष्ट्रात आणि दुसरं गुजरातेत. लोक तिथे फोटो काढतात, पण गाडीला बसायचं असतं त्याला आपण कुठल्या राज्यात बसलोय याचं काही पडलेलं नसतं. तुमच्या पंचांचा वाद मला त्या बाकावरच्या रेघेसारखा वाटतो. रेघ खोटी नाही, कागदोपत्री लागते. माणूस मात्र तिच्या दोन्ही बाजूंना एकदमच बसलेला असतो.

आता वर्गवाल्यांकडे वळतो, नाहीतर ते खूश होतील. "आधी नीट शिकू द्या, मग बाहेर बोलतील" असं ते म्हणतात. मला हे पटत नाही. विहिरीवर येशूला भेटलेली सुखारची शोमरोनी बाई घागर टाकून गावात धावली तेव्हा तिचा किती अभ्यास झाला होता? "हा ख्रिस्त असेल काय?" असं ती विचारत होती, म्हणजे तिचं स्वतःचंही पुरतं ठरलं नव्हतं. गरसेकरांच्या प्रदेशातला तो भूतग्रस्त बरा झाल्यावर येशूबरोबर राहायला मागत होता. प्रभूने त्याला नावेत घेतलं नाही, "घरी जा आणि आपल्या लोकांना सांग" म्हणून धाडलं. उलट येशूने बारा शिष्यांना निवडलं ते सांगताना मार्क दोन्ही गोष्टी एकाच दमात लिहितो: त्यांनी त्याच्याबरोबर असावं आणि त्याने त्यांना उपदेशाला पाठवावं. आपण त्या वाक्याचे दोन तुकडे केले आणि एकेका तुकड्याची एकेक कमिटी केली.

शिवाय वर्ग म्हणजे काय असतो हेही बघितलंय. पाठाच्या शेवटी कोऱ्या जागा भरा, शेवटच्या रविवारी सर्टिफिकेट. ज्याचं अक्षर चांगलं त्याचं शिष्यत्व चांगलं! अपुल्लो मोठा वक्ता होता, शास्त्रात प्रवीण, पण त्याला योहानाच्या बाप्तिस्म्यापलीकडचं माहीत नव्हतं. प्रिस्किल्ला आणि अक्विला यांनी त्याला सभास्थानात सगळ्यांदेखत दुरुस्त केलं नाही. आपल्याकडे नेऊन नीट समजावलं. ती दोघं तंबू शिवणारी, म्हणजे बहुधा कातड्याच्या वासातच बोलणं झालं असेल.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण वर्गवाल्यांपुढे ठेव आणि सभावाल्यांपुढेही. 1883 साली इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. बुद्धी अशी की मिशनऱ्यांना प्रश्न विचारून भंडावून सोडायच्या. पण पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त मात्र सापडला नव्हता, आणि हे उमगायला बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षं जावी लागली. आकडा मोजणाऱ्याने त्यांना 1883 मध्येच मोजून टाकलं असतं. रमाबाई नंतर काय झाल्या ते केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आजही दिसतं: दुष्काळातल्या, टाकलेल्या बायका-मुलींना त्यांनी आधी घर दिलं, काम शिकवलं, अक्षर शिकवलं, आणि त्या बायकांच्या हाती शास्त्र पडावं म्हणून स्वतः मूळ भाषा शिकून मराठीत भाषांतर करत बसल्या. आयुष्याची शेवटची वर्षं त्यात गेली.

बाकी कवी नारायण वामन टिळकांना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाने नवा करार दिला होता आणि 1895 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, ही गोष्ट सभावाले हमखास सांगतील. सांगू देत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा 1900 साली, म्हणजे पाच वर्षांनी, हे मात्र तू सांग. एकाच घरातली दोन माणसं, एवढं अंतर. मांडवाच्या तीन रात्रींत ते कसं मावायचं?

आणखी एक गोष्ट, जी तुला पुण्यात तितकी जाणवत नसेल. इकडे कुणी प्रार्थनेला यायला लागलं की गावात पहिला प्रश्न येतो, "किती पैसे मिळाले?" घटनेच्या 25 व्या कलमाने आपल्याला धर्म सांगण्याचा हक्क दिलाय. 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने हेही म्हटलं की दुसऱ्याचं धर्मांतर करवण्याचा हक्क त्यात येत नाही. वकील मंडळी त्यावर वाद घालोत. माझ्यापुरतं म्हणशील तर कुणाचं मन पालटणं माझ्या हातात कधी नव्हतंच, ते पवित्र आत्म्याचं काम. सांगणं आणि सोबत राहणं एवढं माझं. चिंचपाड्याचं ख्रिस्ती रुग्णालय स्वातंत्र्याच्या आधीपासून उभं आहे, तिथल्या बाकांवर सगळ्या धर्मांचे लोक बसलेले असतात आणि त्यांना कुणी असा प्रश्न विचारत नाही. कारण लोकांनी रुग्णालयवाल्यांना वर्षानुवर्षं तिथेच राहिलेलं पाहिलंय. दोन दिवस येऊन गेलेल्याबद्दल मात्र संशय घेतातच, आणि घेऊ नये का? धुळ्याकडच्या एका म्हाताऱ्याने एका पाहुण्या उपदेशकाला तोंडावर म्हटलं होतं, "तू उना नि गया, मंग आमनं काय?" मला तर त्या म्हाताऱ्यालाच पंचात घ्यावंसं वाटलं.

शिष्यत्वाची खरी परीक्षा इकडे कुठे होते सांगू? लेकरू तापलं आणि सासू म्हणाली भगताला बोलवा, तेव्हा. लग्नात देज, म्हणजे मुलीकडच्यांना द्यायचं वधूमूल्य, किती घ्यायचं हे ठरतं, तेव्हा. होळीला ढोल वाजतो आणि मोहाची बाटली फिरते, तेव्हा. मी ढोल सोडा म्हणत नाही, ढोलाने प्रभूचं काही बिघडत नाही, आमच्या उपासनेतही वाजतो. बाटलीबद्दल बोलतो, आणि ज्याच्या घरी मी वर्षभर जेवलोय त्याच्याशीच बोलतो. बाकीच्यांना ते ऐकवण्याचा अधिकार मला अजून मिळालेला नाही.

आता तुझ्या पैशाचं. तीन रात्रींची एक रात्र कर. वक्ता बाहेरचा आणू नकोस, तुमच्यातलाच कुणी बोलू दे, अडखळला तरी चालेल. आणि मांडवाला आगाऊ रक्कम द्यायच्या आधी पंचांकडून नावं लिहून घे: सभेनंतरच्या आठवड्यात कुठल्या वस्तीत कोण जाणार, आणि पावसाळ्यात कोण, आणि पुढच्या दिवाळीत कोण. नावं मिळाली तेवढीच कार्डं छाप. नावं मिळाली नाहीत तर सभा पुढे ढकल, माझं नाव घेऊन ढकल हवं तर, मी कुठे तुमच्या मंडळीत मत द्यायला येतो! वर्गासाठी जे पैसे राहतील त्यातून एसटी-रेल्वेचं भाडं बाजूला काढ. वर्गातल्या पोरांना महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी पाठव, पुस्तक न घेता.

तुमच्या तरुण संघातली दोन पोरं मला दे. पडावावर जायला सोबत हवी आहे, माझे गुडघे झोपडीत वाकून शिरताना आता कुरकुरतात. ज्वारीची भाकरी आणि तिखट ठेचा खाणारी पोरं पाठव, "पनीर नाही का" विचारणारी नकोत. अंथरूण आणि टॉर्च आणायला सांग. मेमरी कार्डं इथे मी भरून देतो.

वहिनींना सलाम, मुलांना आशीर्वाद. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन कधी ठरलं ते कळव, इथल्या बुधवारच्या प्रार्थनेत नाव घेतोय.

तुझाच,
याकोब

ता. क. पोरांना येताना उपासना संगीताची, आपल्या गीतांच्या पुस्तकाची, एक जुनी प्रत आणायला सांग, मोठ्या अक्षराची. इथली वाळवीने खाल्ली.