ओली बाजू खाली: गवळीवाड्यावरच्या मामांना जाहीर आभारपत्र

मामा,

साष्टांग नमस्कार.

या पत्रात तुमचं नाव घालत नाही, वाड्याचं नाही आणि डोंगराचंही नाही. नाव छापून आलं की पुढच्याच रविवारी गाड्यांची रांग लागते आणि तुमच्या जनावरांची पाण्याची वाट अडते. एवढंच लिहितो, की खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पश्चिमेला, अभयारण्याच्या हद्दीबाहेर जो सडा, म्हणजे जांभ्या कातळाचं सपाट पठार, आहे, त्याचा माथा तुम्ही राखलात. तुमची नात पत्र वाचून दाखवेल. काही अडलं तर तिला बाईंना विचारू दे.

श्रावणात आमच्या डोंगर हिंडणाऱ्या मंडळातली पाच पोरं धुक्यात कड्याच्या अंगाला उतरली होती. शिट्टी ऐकून तुम्ही कूक दिलीत आणि दिवेलागणीच्या आत पाचही जणांना वाड्यावर आणलंत. त्याचे आभार त्या पोरांच्या आयांनी तुमच्या दारात येऊन मानले. तिथे माझ्या शब्दांची भर नको. हे पत्र दुसऱ्या गोष्टीसाठी आहे. पुढच्या रविवारी माथ्यावर तुम्ही एक दगड परत जागेवर ठेवलात, त्या दगडासाठी.

वाटेची खूण म्हणून एकावर एक रचलेल्या दगडांच्या लगोरीतला तो दगड तुम्ही दोन्ही हातांनी उचललात, उलटा केलात, तळहात फिरवून ओली बाजू कुठली ते पाहिलंत. मग वीसेक पावलांवरचा त्याचा मूळ खळगा शोधलात. ओली बाजू खाली धरून दगड अलगद सोडलात आणि कडेनं चिमूट चिमूट माती लावलीत. कुणाला काही बोलला नाहीत. तिथे वीस माणसं उभी होती, सगळी डोंगरात वर्षानुवर्षं हिंडलेली. दगड परत ठेवायचा असतो, आणि त्याला वरची आणि खालची बाजू असते, हे आमच्यातल्या एकालाही सुचलं नव्हतं.

सड्यावरचा दगड म्हणजे कुणाचं तरी घर असतं. जांभ्याच्या कातळावर माती बोटभर. उन्हाळ्यात तो कातळ तव्यासारखा तापतो आणि ओल उरते ती फक्त रुतलेल्या दगडाखाली. विंचू, पाली, बेडूक, गोमी सगळे तिथेच तग धरतात. देवगांडूळही तिथलंच. दिसतं गांडुळासारखं, पण आहे बेडकाच्या गोतातलं, पाठीला कणा असलेलं. त्याची एक नवी जात आपल्या चोर्ल्याच्या परिसरातूनच २००७ साली जगापुढे आली आणि तिला म्हादई नदीचं नाव दिलं गेलं. दगड उपसला की खळगा दोन दिवसांत वाळतो. पालथा ठेवला तरी उपयोग नाही, कारण शेवाळाची बाजू मातीत कुजते आणि ओलीत वाढलेली बाजू उन्हात भाजते. म्हणून ओली बाजू खाली. हे तुम्हाला कुणी शिकवलं ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

आता ज्यांनी आधी काही केलं नाही त्यांच्याबद्दल. पैसे घेऊन सहली नेणाऱ्या एका गटानं दोन वर्षांपूर्वी या वाटेवर ऑइल पेंटनं बाण रंगवले. बाण रंगवले ते चढताना, चढणाऱ्याला दिसतील असे. उतरताना तेच बाण दगडाच्या पाठीमागे जातात आणि दिसतच नाहीत. रंगवले उन्हाळ्यात, तेव्हा मधला ओढा कोरडा होता. पावसात ओढा भरतो आणि वाट तिथून पन्नास पावलं वर सरकते, पण बाण पाण्यात बोट दाखवत उभा. त्यात जांभा सच्छिद्र. त्याची वरची साल सुटते, तिच्याबरोबर बाणाचं टोक जातं आणि नुसती शेपटी राहते. शेपटीवरून दिशा कशी कळायची? पोरं चुकली ती अशाच एका बाणापाशी. त्या गटाला आम्ही पत्र लिहिलं, फोन केले. 'बघतो' म्हणाले. एका कचेरीत तीन अर्ज दिले, तिन्हींची पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. तुम्हाला कुणी अर्ज केला नव्हता, मामा.

माथ्यावरच्या खुणांवरून आमच्यात जो वाद पेटला होता तोही तुम्ही ऐकलात. अर्धे म्हणत होते, एकही खूण नको, सगळ्या लगोऱ्या पाडा, डोंगर जसा होता तसा राहू दे. अर्धे म्हणत होते, पोरं मरता मरता वाचली, आता माथ्यावर सिमेंटचा खांबच उभा करू, पुरुषभर उंच, वर नाव आणि उंची. दोघांचंही ऐकून घेऊन तुम्ही एवढंच म्हणालात: "वर जाताना कोण चुकत न्हाई. चढ सपला की माथा. चुकतंय ते उतरताना."

इतका साधा हिशेब आमच्या लक्षात आला नव्हता. माथ्याला खुणेची गरजच नसते. गरज असते ती उतारवाट जिथे सुरू होते त्या तोंडाला. आपल्याकडचे माथे काही सुळके नव्हेत. वर सपाट सडा, कातळावर पाऊल उमटत नाही, धुकं दाटलं की चारी दिशा सारख्या. पूर्वेला उतार सौम्य, पश्चिमेला सरळ कोकणाच्या बाजूचा कडा. 'वाट चुकलात तर पाण्याच्या धारेनं खाली जा' असं पुस्तकी ज्ञान पोरांना कुणीतरी दिलं होतं. सह्याद्रीच्या धारेवर तो सल्ला जीव घेईल. इथे एका बाजूचं पाणी मलप्रभेतून कृष्णेला जातं आणि दुसऱ्या बाजूचं म्हादईला, आणि पश्चिमेकडचा ओहोळ धरला तर तो धबधब्याच्या तोंडाशी नेऊन सोडतो. मोबाइलचाही भरवसा नाही. नकाशा आधी उतरवून घेतला असेल तर रेंज नसतानाही जागा कळते, पण पडदा भिजला की बोट ओळखत नाही, आणि दाखवलेली जागा दहा पावलं इकडेतिकडे असली तर कड्यापाशी तेवढं पुरतं.

मग तुम्ही लगोऱ्या लावून दाखवल्यात. एकूण सातच, आणि तीसच्या वर पाडल्यात. मी ते इथे सविस्तर लिहितो, कारण तुमची पद्धत दुसऱ्या डोंगरांवरही लागू पडेल.

दगड घ्यायचे ते वाटेत घरंगळून आलेले, दोन्ही बाजूंनी कोरडे आणि धुळकट. ज्याच्या कडेला मातीची काळी रेघ दिसते तो रुतलेला, त्याला हात लावायचा नाही. शेंदराचा ठिपका असलेल्याला तर नाहीच, तो देव आहे. तळाला तीन रुंद दगड, किंचित आतल्या बाजूला कललेले. त्यावरचा प्रत्येक दगड खालच्या दोघांच्या सांध्यावर बसवायचा. भिंत बांधणारा गवंडी जशी सांधमोड करतो तशीच. उंची गुडघ्याएवढी, जास्त नाही. त्याहून उंच केली तर आषाढातला वारा पाडतो, नाहीतर म्हैस अंग घासते. सगळ्यात वर एक पांढरी गारगोटी. जांभ्याच्या काळपट तांबड्या रंगात तीच तेवढी धुक्यात उठून दिसते, बॅटरीच्या उजेडातही चमकते.

जागा निवडताना तुम्ही आमची मोठी चूक दाखवलीत. वाट फुटते त्या ठिकाणीच आम्ही लगोरी ठेवत होतो. फाट्यावरची लगोरी काय सांगते? इथे फाटा आहे, एवढंच. जायचं कुठे ते सांगत नाही. तुम्ही ती उचलून बरोबर वाटेवर दहा पावलं पुढे नेलीत आणि चुकीच्या वाटेच्या तोंडावर एक वाळकी फांदी आडवी टाकलीत. दोन लगोऱ्यांमधलं अंतर धुक्याच्या दिवशी मोजायचं, स्वच्छ दिवशी नाही, आणि प्रत्येक लगोरी वरून उतरणाऱ्याच्या डोळ्यानं तपासायची. तुम्ही दर वेळी मागच्या लगोरीपाशी परत चढत होतात आणि तिथून डोळे बारीक करून बघत होतात. सत्तरीच्या पुढच्या वयात, सात वेळा.

झाडांना बांधलेल्या प्लॅस्टिकच्या फिती तुम्ही सोडून खिशात घातल्यात. कारण आम्ही सांगायची गरज नव्हती. त्या सुटून गवतात पडतात, गवताबरोबर गाय गिळते आणि पोटात गोळा होऊन मरते. फिती बांधणाऱ्यांपैकी कुणाच्याच दावणीला गाय नव्हती.

झेंड्याचं लिहायला हवं. आपल्या सीमाभागात रंगावरून माणसं हमरीतुमरीवर यायला वेळ लागत नाही. माथ्यावर एकानं भगवा लावला की दुसरा लाल-पिवळा घेऊन चढतो. तुम्ही मराठी बोलता, बाजाराला कानडी बोलता, घाटाखालच्या माणसाशी कोंकणी बोलता, आणि दोन्ही बाजूंच्या पोरांना तुम्ही तोच एक प्रश्न केलात: "खालनं दिसतोय व्हय ह्यो?" दिसत नाही. पावसाळ्याचे चार महिने माथा ढगात असतो आणि उरलेल्या दिवसांत कापडाच्या चिंध्या होतात. राहतो तो दोन पुरुष उंचीचा लोखंडी पाइप. तोच धोक्याचा. वैशाखात वळवाची वीज आली की सड्यावर सगळ्यात उंच तोच असतो, आणि फोटोसाठी माणसं त्यालाच धरून उभी राहतात. पाइप नुसता कातळात रोवलेला, त्याला खोल मातीपर्यंत नेणारी तार नाही. वीज पडली तर ती खाली शिरण्याऐवजी ओल्या कातळाच्या अंगावरून पसरते आणि दूर उभ्या असलेल्यालाही एका पायातून शिरून दुसऱ्यातून निघते. चमकल्यापासून सेकंद मोजायला लागावं. तीस व्हायच्या आत गडगडलं तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, ताबडतोब माथा सोडायचा. तुमची जनावरं त्याआधीच उतरलेली असतात.

आणि तो कोरलेला दगड. वर्तुळ आणि मधोमध टिंब. गुप्तधनाची खूण समजून कुणीतरी त्याच्या एका बाजूला कुदळ चालवली होती, आणि नावाच्या पाटीसाठी कुणीतरी त्यावर सिमेंट ओतायला निघालं होतं. तुम्ही आडवे उभे राहिलात. "सायबाच्या मोजणीचा दगड हाय, आज्जा सांगायचा," एवढीच तुमची माहिती, आणि ती बरोबर आहे. १८०२ साली विल्यम लॅम्टननं मद्रासजवळ आधाररेषा मोजली आणि तिथून त्रिकोणावर त्रिकोण रचत भारताची मोजणी सुरू झाली. त्याचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं दुर्बिणीचं यंत्र, अर्ध्या टनाचा होता. लॅम्टन १८२३ साली आपल्या हिंगणघाटला वारला. अशा ठाण्यांवर पुष्कळदा वरच्या खुणेच्या बरोबर ओळंब्यात, खालच्या कातळावर दुसरी खूण असते. वरचा दगड वीतभर सरकला तरी दोन खुणांचा मेळ तुटतो. मोजणीवाल्यांनीही माथ्यावर झेंडे लावले होते, पण ते दुसऱ्या डोंगरावरून दुर्बिणीत दिसावेत म्हणून, आणि काम झालं की ते उतरवले. मागे राहिलं ते हाताच्या पंजाएवढं वर्तुळ. माथ्यावर खूण असावी की नसावी या वादात मी आता त्या वर्तुळाच्या बाजूचा आहे.

मामा, चांगुलपणाबद्दल मोठमोठी भाषणं आम्ही पुष्कळ ऐकली. पर्यावरण दिनाला झाड लावून फोटो काढणारी माणसं पाहिली. तुमच्याकडे पाहून वाटलं, चांगुलपणा हा बहुतेक वेळा असा, कुणी बघत नसताना वाकून केलेला असतो. वाटेतला काटा बाजूला टाकणारी, झऱ्यावरचा पाला काढून मग पाणी पिणारी, पाहुण्याला सोडायला नाक्यापर्यंत येणारी माणसं आपल्या खानापूर-चंदगडच्या पट्ट्यात अजून घरोघरी आहेत. तीच माणसं कागदोपत्री कुठे नाहीत. डोंगराचं काय करायचं यावर बैठक होते, तेव्हा तुमच्यासारख्यांना खुर्ची नसते. यापुढे आमच्या मंडळाच्या बैठकीत ती असेल. तुम्ही यायला हवं असं नाही, बैठकच वाड्यावर घेऊ.

एक काम राहिलंय. तो लोखंडी पाइप काढायचाय. पंचायतीनं होकार दिलाय. दिवाळी झाली की, गवत वाळायच्या आत, आम्ही आठजण येतो. घण, पहार आणि हॅकसॉ आमच्याकडे आहे. तो उपटून न काढता कातळालगत कापायचा ठरवलंय, म्हणजे कातळ फुटणार नाही. पाइप खाली वाहून नेऊ. त्याच्या बुंध्याशी आधाराला रचलेले चाळीसेक दगड मात्र कुठून कुठून उपसून आणलेत ते आम्हाला कळायचं नाही. तेवढे खळगे दाखवायला याल का?

तुमचा,
मंडळातला एक जण, बेळगाव