खासदारांच्या प्रश्नासोबत सरकारचे उत्तरही छापावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संसदेचे अधिवेशन सुरू झाले की कोल्हापूर जिल्ह्यातील दैनिकांत एका ठरावीक स्वरूपाची बातमी दिसू लागते. अलमट्टीप्रश्नी खासदारांनी लोकसभेत आवाज उठवला, वैभववाडी रेल्वेसाठी खासदार आक्रमक झाले, असे तिचे शीर्षक असते. सोबत सभागृहात बोलतानाचे छायाचित्र आणि भाषणातील चार वाक्ये असतात. सरकारने त्यावर काय सांगितले, हे मात्र त्या बातमीत बहुतेक वेळा नसते आणि नंतरही कोठे वाचायला मिळत नाही. मी शिरोळ तालुक्यात ऊस करणारा शेतकरी आहे. माझ्या उसाचा दर दिल्लीत ठरतो आणि माझ्या शेतात शिरणाऱ्या पाण्याचा वादही दोन राज्यांचा असल्यामुळे शेवटी दिल्लीतच जातो. त्यामुळे आमच्या भागातून निवडून गेलेला माणूस तेथे काय बोलतो यापेक्षा त्याला काय उत्तर मिळते, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते, आणि त्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

प्रथम आम्हा मतदारांविषयी लिहिणे भाग आहे. खासदार गावात आले की आपण त्यांच्याकडे सभामंडप, हायमास्ट दिवा, गटार किंवा पाणंद रस्ता मागतो. या गरजा खऱ्या आहेत, पण त्यांच्यासाठी ग्रामपंचायत, जिल्हा परिषद आणि आमदार आहेत. खासदाराला स्थानिक विकास निधी म्हणून वर्षाला पाच कोटी रुपये मिळतात. शाहूवाडीच्या डोंगरापासून शिरोळच्या नदीकाठापर्यंत आणि पलीकडे सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर, शिराळ्यापर्यंत पसरलेल्या हातकणंगले मतदारसंघात ते वाटले, तर एका गावाच्या वाट्याला काय येणार? उलट लोकसभेत उभे राहून केंद्रीय मंत्र्याला जाब विचारण्याचा अधिकार जिल्ह्यात दुसऱ्या कोणत्याही थेट निवडून दिलेल्या प्रतिनिधीला नाही. जो अधिकार फक्त त्यांच्याजवळ आहे, त्याचाच हिशेब आपण मागत नाही.

उसाचेच पाहा. रास्त व किफायतशीर दर, म्हणजे आपण ज्याला एफआरपी म्हणतो, तो कृषी मूल्य आयोगाच्या शिफारशीवरून केंद्र सरकार ठरवते. २०१८-१९ च्या हंगामात तो क्विंटलला २७५ रुपये होता, २०२५-२६ साठी ३५५ रुपये जाहीर झाला. या आकड्यांत वाढ दिसते; पण त्यामागचा पायाभूत उतारा, म्हणजे हा दर ज्यावर मोजतात ते उसातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण, कसा सरकत गेला, याची चर्चा शेतकरी चळवळीच्या बाहेर फारशी होत नाही. २००९ मध्ये एफआरपी आली तेव्हा तो साडेनऊ टक्के होता, २०१८-१९ पासून दहा टक्के झाला आणि २०२२-२३ पासून सव्वादहा टक्के. आमच्या भागातील चांगला उतारा ही काळ्या जमिनीची आणि शेतकऱ्याच्या कष्टाची कमाई आहे. पायाच वर उचलला की वाढीव उताऱ्यासाठी मिळणाऱ्या जादा रकमेचा एक भाग आपोआप कमी होतो. जाहीर दरातील वाढीतून हा भाग किती भरून निघाला आणि पाया कोणत्या अभ्यासावर बदलला, हा प्रश्न केंद्रीय मंत्र्याला विचारण्यासाठी उसाच्या पट्ट्यातलाच खासदार लागतो, कारण त्यातील मेख त्यालाच ठाऊक असते.

दुसऱ्या बाजूला साखरेची किमान विक्री किंमत आहे. ती जून २०१८ मध्ये किलोला २९ रुपये ठरली, फेब्रुवारी २०१९ मध्ये ३१ रुपये झाली आणि २०२५-२६ चा ऊसदर जाहीर झाला तेव्हाही तेथेच होती. कारखानदार हेच कारण पुढे करून चौदा दिवसांत द्यायची उसाची रक्कम लांबवतात. कायद्याने त्या विलंबावर पंधरा टक्के व्याज द्यावे लागते. ते किती शेतकऱ्यांच्या हाती पडते, हे गावोगावी विचारून पाहावे. साखरेची किंमत वाढवावी ही मागणी कारखान्यांचीही आहे आणि आमचीही. मात्र वाढीव किमतीतून आधी थकीत बिले व व्याज चुकते होईल, अशी अट आमच्या खासदाराने सभागृहात घातली पाहिजे. कारखानदारांचे निवेदन जसेच्या तसे वाचून दाखवल्याने शेतकऱ्याचे प्रतिनिधित्व होत नाही.

आता महापुराबद्दल. जुलै उजाडला की पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याची पातळी किती फूट झाली, हे आमच्याकडे लहान मूलही विचारते. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते आणि त्याखाली पाणी पुढे सरकले नाही तर शिरोळ तालुक्यातील गावे दिवसेंदिवस बुडून राहतात. त्यात कर्नाटकाला आमच्या खालच्या अंगाला कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायची आहे. कृष्णा पाणीतंटा लवादाने २०१० मध्ये त्याला अनुमती दिली आणि पुढे हा विषय सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१९ च्या महापुरानंतर राज्य सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने त्या पुराचा दोष अलमट्टीवर ठेवला नव्हता. नदीकाठच्या अनेकांना तो निष्कर्ष पटलेला नाही आणि मलाही तो पुरेसा वाटत नाही. पण म्हणूनच केवळ ‘उंची वाढवू देणार नाही’ अशी घोषणा करणारे भाषण येथे अपुरे आहे.

पाणी हा राज्यसूचीतील विषय आहे असे सांगून मंत्री एका वाक्यात मोकळे होऊ शकतात. आंतरराज्य नद्यांचे नियमन आणि विकास, केंद्रीय जल आयोगाचे पूर अंदाज, राष्ट्रीय महामार्ग या गोष्टी मात्र केंद्राच्या आहेत, आणि प्रश्न नेमका तेथे बोट ठेवून विचारला तर हात झटकता येत नाहीत. अलमट्टीच्या प्रस्तावित पातळीला आमच्या तालुक्यातील कुरुंदवाड, अर्जुनवाडपर्यंत फुगवटा, म्हणजे धरणामुळे मागे साचणारे पाणी, किती येईल याचा जल आयोगाने स्वतंत्र अभ्यास केला आहे का, केला असल्यास तो सभागृहापुढे ठेवणार का, कर्नाटकातील हिप्परगी बंधाऱ्याचे दरवाजे पावसाळ्यात कोणाच्या देखरेखीखाली उघडले जातात, पुणे-बंगळूर महामार्गाचा शिरोलीजवळचा भराव पुराचे पाणी अडवतो का आणि तेथे खांबांवरचा पूल का होऊ नये, असे ते प्रश्न आहेत. दोन्ही महापुरांत तो महामार्ग बंद पडून कोल्हापूरचा संपर्क तुटला होता, त्यामुळे ही मागणी केवळ आमच्या शेतापुरती नाही.

संसदेत प्रश्न मांडण्याचे मार्ग एकाच वजनाचे नाहीत, हे बातम्यांतून वाचकाला कळत नाही. शून्य प्रहरात बोललेल्या विषयाला तेथल्या तेथे उत्तर देण्याचे बंधन सरकारवर नसते. नियम ३७७ खाली २५० शब्दांच्या मर्यादेत विषय मांडता येतो आणि मंत्रालयाचे उत्तर नंतर पत्राने थेट खासदारांकडे जाते. ते पत्र त्यांच्या कार्यालयातच राहते. ज्या गावांसाठी विषय मांडला त्या गावांना ते कधी दिसत नाही. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळते. तारांकित प्रश्न दिवसाला वीसच असतात, ते सोडतीने निवडले जातात, आणि प्रश्नाचा पुकारा झाला तर मंत्र्याला उभे राहून उत्तर द्यावे लागते, शिवाय त्यावर उपप्रश्नही विचारता येतो. खासदाराची खरी तयारी या उपप्रश्नात दिसते, कारण तो कोणी लिहून दिलेला नसतो. मंत्र्यांनी ‘विषय विचाराधीन आहे’ असे म्हटले तर ते आश्वासन म्हणून नोंदले जाऊ शकते आणि तीन महिन्यांत त्याची पूर्तता अपेक्षित असते. त्यासाठी लोकसभेची स्वतंत्र समिती आहे. आमच्या जिल्ह्याला मिळालेली अशी किती आश्वासने आज पडून आहेत, याची यादी खासदारांनीच प्रसिद्ध केली तर लोक त्यांच्या पाठीशी उभे राहतील.

ग्रामीण माणसाला दिल्लीत कोण विचारतो, असे निराशेने म्हणणाऱ्यांना मी आपल्याच तालुक्याची आठवण करून देईन. निमशिरगावचे रत्नाप्पाण्णा कुंभार संविधान सभेचे सदस्य होते. राजू शेट्टी शिरोळमधून जिल्हा परिषद, विधानसभा आणि मग लोकसभेत गेले आणि २०१८ मध्ये त्यांनी हमीभावाचा हक्क आणि कर्जमुक्ती यांसाठी दोन खासगी विधेयके, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने आणलेली विधेयके, मांडली. खासगी विधेयकाचा कायदा होणे १९७० नंतर घडलेले नाही आणि ती विधेयकेही लोकसभेच्या मुदतीबरोबर संपली. तरीही देशभरातील शेतकरी संघटनांची मागणी कायद्याच्या भाषेत, कलमवार, सभागृहाच्या दफ्तरी गेली, याचे मोल मी कमी मानत नाही. शेट्टींच्या राजकारणाशी ज्यांचे पटत नाही त्यांनीही एवढे मान्य करावे.

भाषेचीही अडचण उरलेली नाही. लोकसभेत मराठीत बोलता येते आणि भाषांतराची सोय आहे. पंचगंगेच्या काठचा माणूस आपल्या भाषेत बोलला तर मुद्दा अधिक ठामपणे मांडतो, असे मला वाटते.

रेल्वेचा विषय थोडक्यात सांगतो. १८९१ मध्ये मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली, ती तेथेच थांबली. कोल्हापूर-वैभववाडी मार्ग २०१६-१७ च्या रेल्वे अर्थसंकल्पात आला, तेव्हापासून दर अधिवेशनात त्याची आठवण करून दिली जाते. येथे आता भाषण नको. दरवर्षी किती रक्कम मंजूर झाली, किती खर्च झाली आणि भूसंपादन कोणत्या गावापर्यंत पोहोचले, एवढे तीन आकडे लेखी मागून जाहीर करावेत.

आपल्या दैनिकाला माझी विनंती आहे, की अधिवेशन काळात आठवड्यातून एकदा जिल्ह्यातील दोन्ही लोकसभा खासदारांनी आणि आपल्या भागातील राज्यसभा सदस्यांनी विचारलेले प्रश्न, त्यांना मिळालेली उत्तरे आणि नियम ३७७ खाली आलेली पत्रे मराठीत छापावीत. लेखी प्रश्नोत्तरे संसदेच्या संकेतस्थळावर इंग्रजी आणि हिंदीत असतात, पण ऊस तोडणीच्या धांदलीत ती शोधून वाचणे गावातल्या माणसाला जमत नाही. पत्रे खासदारांच्या कार्यालयांनी द्यावीत आणि ज्यांनी दिली नाहीत, त्यांच्या नावापुढे तसे नमूद करावे. अधिवेशनापूर्वी तालुक्याच्या ठिकाणी बैठक घेऊन ग्रामपंचायती, विकास सेवा संस्था आणि पूरग्रस्त गावांकडून प्रश्न लेखी मागवण्याची पद्धतही खासदारांनी सुरू करावी. आम्ही कागदपत्रांसह यायला तयार आहोत.

आपला,
एक ऊस उत्पादक शेतकरी
ता. शिरोळ, जि. कोल्हापूर